पद सोडल्यानंतरचं काम: माजी अध्यक्षांनी नव्या अध्यक्षाला साथ कशी द्यावी

क्लब वक्तृत्वाचा असो, वाचनाचा, गिर्यारोहणाचा किंवा समाजसेवेचा, तिथला अध्यक्ष वर्ष-दोन वर्षांनी बदलतोच. नव्या माणसाला कसं तयार करावं यावर पुष्कळ बोललं जातं. पायउतार होणाऱ्याने पुढे काय करायचं, हे मात्र त्याला कुणीच सांगत नाही. पदग्रहणाच्या दिवशी सत्कार होतो, आभाराचं भाषण होतं आणि दुसऱ्या दिवसापासून तो आपल्या अंदाजाने वागू लागतो. काही जण एकदम दिसेनासे होतात आणि सभागृहाच्या आरक्षणासाठी कुणाला फोन करायचा, हेही नव्या अध्यक्षाला कळत नाही. काही जण प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत बसून प्रत्येक विषयावर बोलत राहतात. दोघांच्याही मनात क्लबचं वाईट नसतं, तरी त्रास दोघांचाही होतो.

नव्या अध्यक्षाला आपल्याकडून दोन गोष्टी हव्या असतात: माहिती आणि मोकळीक. माहिती सगळी, वेळेवर आणि लेखी मिळायला हवी. मोकळीक पहिल्या दिवसापासून आणि पूर्ण मिळायला हवी. प्रत्यक्षात बहुतेक क्लबांत उलटं चालतं. माहिती तुकड्या-तुकड्याने आणि विचारली तरच मिळते, मतं मात्र न विचारता रोज मिळतात. हे टाळायचं असेल तर काय करावं, ते पुढे काळाच्या क्रमाने मांडलं आहे.

पायरी १: नाव ठरल्यापासून सूत्रं सोपवेपर्यंत

रोटरी क्लबांच्या प्रमाण घटनेत अध्यक्षाची निवड पद स्वीकारण्याच्या किमान १८ महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं आधी करण्याची तरतूद आहे. १ जुलैला कोण पदावर येणार हे दीड वर्ष आधीच ठरलेलं असतं आणि शिकायला भरपूर अवधी मिळतो. बहुतेक क्लबांना ही चैन परवडत नाही. वक्तृत्वाचा सराव करणाऱ्या टोस्टमास्टर्स क्लबांत साधारणपणे मे महिन्यात निवडणूक होते आणि १ जुलैला नवी मंडळी कामाला लागतात, म्हणजे हातात जेमतेम दोन महिने. तुमच्या क्लबात दोनच आठवडे मिळत असतील तर तेही वाया घालवू नका.

या काळात एक तरी कार्यकारिणीची बैठक नियोजित अध्यक्षाला चालवू द्या. विषयपत्रिका त्यांनी बनवावी, चर्चा त्यांनी आवरती घ्यावी, तुम्ही शेजारी बसा. बैठक संपल्यावर दोघांनी दहा मिनिटं बोला. सभागृहाचे व्यवस्थापक, प्रायोजक, मध्यवर्ती संस्थेचे पदाधिकारी यांना जी पत्रं किंवा ईमेल जातात, त्यांची प्रत नियोजित अध्यक्षालाही पाठवायला लागा. समोरच्याला नवं नाव आधीच ओळखीचं झालेलं असतं, शिवाय पत्रव्यवहाराची पद्धतही आपोआप कळते.

दुसरं पथ्य जास्त महत्त्वाचं आहे. शेवटच्या दोन महिन्यांत नव्या कार्यकारिणीचे हात बांधणारा निर्णय घेऊ नका. नवा प्रकल्प जाहीर करू नका, मोठी खरेदी करू नका, लांब मुदतीचा करार करू नका, 'पुढच्या वर्षी तुला सचिव करू' असा शब्द कुणालाही देऊ नका. जाता जाता काहीतरी मोठं करून जावं असं वाटणं स्वाभाविक आहे, पण त्याचा खर्च आणि त्याची जबाबदारी दुसऱ्याच्या वर्षात जाते. एखादी गोष्ट खरोखरच थांबण्यासारखी नसेल, समजा वार्षिक कार्यक्रमाचं सभागृह आत्ताच आरक्षित केलं नाही तर मिळणारच नाही, तर नियोजित अध्यक्षाला विचारा, त्यांचा होकार घ्या आणि मगच करा.

पायरी २: लेखी फाईल

"काही लागलं तर फोन कर" हे वाक्य म्हणजे कार्यभार सोपवणं नव्हे. काय विचारायचं हे कळण्याइतकी माहिती तरी नव्या माणसाकडे आधी असावी लागते. म्हणून फाईल हवी, कागदी चालेल किंवा सामायिक ड्राइव्हवरची चालेल.

पहिल्या पानावर फक्त पुढच्या ३० दिवसांची कामं लिहा. नवा अध्यक्ष पहिल्या आठवड्यात बाकीचं वाचणार नाही आणि त्याने ते वाचावं अशी अपेक्षाही ठेवू नका. त्यानंतर वर्षाचं वेळापत्रक द्या: वर्गणी कधी भरायची, सर्वसाधारण सभेची नोटीस किती दिवस आधी काढावी लागते, हिशेब तपासनीसाकडे कधी जातात, जागेचा करार कधी संपतो. प्रत्येक तारखेपुढे तयारीला कधी लागायचं तेही लिहा. टोस्टमास्टर्सचं उदाहरण घ्या. तिथे सभासदत्वाचं शुल्क वर्षातून दोनदा, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला भरायचं असतं. १ जुलैला पद घेतलेल्या अध्यक्षाला ऑक्टोबर फार दूर वाटतो. पण सगळ्या सभासदांना आठवण करणं, पैसे गोळा करणं, कोण थांबणार आणि कोण सोडणार हे समजून घेणं, यासाठी ऑगस्टच्या अखेरीलाच सुरुवात करावी लागते. हे वेळापत्रकात लिहिलेलं नसेल तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ ठरलेली.

पैशांच्या पानावर बँकेतली शिल्लक तर हवीच. त्याबरोबर कुठे अनामत ठेवली आहे, कुणाची वर्गणी थकली आहे, कुणी पदरचे पैसे खर्च केले आणि ते अजून परत द्यायचे आहेत, हेही लिहा.

यानंतर येतात तोंडी दिलेली आश्वासनं. माझ्या मते सगळ्या फाईलमधली ही सर्वांत मोलाची नोंद आहे आणि तीच हमखास राहून जाते. एका विद्यार्थी सभासदाला वर्गणी दोन हप्त्यांत भरायची मुभा दिलेली असते. एका ज्येष्ठ सभासदाला 'पुढची स्पर्धा तुमच्याच हाती' असं सांगितलेलं असतं. सभागृहाच्या व्यवस्थापकाशी जुनी ओळख असल्यामुळे अर्धा तास जास्त मिळत असतो आणि ते कुठेच लिहिलेलं नसतं. नव्या अध्यक्षाला यातलं काही माहीत नसेल, तर तो नियमाप्रमाणे वागतो आणि तिघेही दुखावतात. शांत बसून आठवा, कार्यकारिणीतल्या इतरांनाही विचारा आणि सगळी यादी लिहून काढा. कोणतं आश्वासन पाळायचं हे नवी कार्यकारिणी ठरवेल. ते दिलं होतं एवढं तरी त्यांना कळायला हवं.

निर्णयांमागची कारणंही लिहा. इतिवृत्तात ठराव सापडतो, त्यामागचं कारण क्वचितच सापडतं. सभा गुरुवारऐवजी शनिवारी का आणली, पाहुण्यांकडून शुल्क घेणं का बंद केलं, अमुक संस्थेबरोबरचा संयुक्त कार्यक्रम का थांबवला. कारण माहीत नसलेला नवा माणूस एक तर फसलेला प्रयोग पुन्हा करतो, नाही तर बदलायला हवी असलेली गोष्ट बदलायला घाबरतो. प्रत्येक कारणापुढे तेव्हाची परिस्थितीही एका ओळीत नोंदवा, म्हणजे ती बदलली आहे का हे त्यांना तपासता येईल. जे जमलं नाही तेही प्रामाणिकपणे लिहा. सभासदसंख्या घटली असेल तर आकडा द्या.

माणसांबद्दल लिहिताना हात आखडता घ्या. कोण काय उत्तम करतो, कुणाला कोणत्या कामात रस आहे, कुणाला कोणत्या दिवशी वेळ असतो, इतकंच लिहा. 'हा कामचुकार आहे', 'हिच्याशी जपून' असले शेरे फाईलमध्ये नकोत. एका अध्यक्षाशी न जमलेला सभासद दुसऱ्या अध्यक्षाच्या काळात सगळ्यांत भरवशाचा कार्यकर्ता होऊ शकतो आणि ती संधी त्याला मिळायलाच हवी. अपवाद दोनच: पैशांचा गैरव्यवहार आणि कुणाच्या सुरक्षिततेचा किंवा छळाच्या तक्रारीचा प्रश्न. त्यांची माहिती पुढे द्यावीच लागते, पण ती क्लबच्या नियमांत सांगितलेल्या मार्गाने, गोपनीयता राखून आणि ऐकीव गोष्टी वगळून.

पायरी ३: सह्या, खाती, चाव्या

हे काम रुक्ष आहे, म्हणून ते लांबत जातं आणि क्लब महिनोन्‌महिने माजी अध्यक्षाच्या फोनवर अवलंबून राहतो. कागदावर अध्यक्ष बदललेला असतो, पण ओटीपी अजून तुमच्याच मोबाइलवर येत असतो.

बँकेपासून सुरुवात करा. सह्यांचे अधिकार बदलायला सहसा कार्यकारिणीचा ठराव, नव्या सही करणाऱ्यांची ओळखपत्रं आणि छायाचित्रं लागतात, अनेकदा जुन्या मंडळींच्या सह्याही. सूत्रं सोपवण्याच्या सभेतच ठराव करून घ्या आणि त्याच आठवड्यात खजिनदार आणि नव्या अध्यक्षाबरोबर स्वतः बँकेत जा. बदल पूर्ण होईपर्यंतच्या मधल्या काळात तुमची सही लागली तर लेखी मागणी आल्याशिवाय करू नका आणि मागणी आल्यावर अडवूही नका.

मग डिजिटल गोष्टी. क्लबचा ईमेल असेल तर फक्त पासवर्ड देऊन भागत नाही. पुनर्प्राप्तीसाठी नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि पर्यायी ईमेल बदला, द्विस्तरीय पडताळणी नव्या माणसाच्या फोनवर लावून द्या, बॅकअप कोड नव्याने काढून सचिवाकडे द्या. गूगल ड्राइव्हवरच्या फायलींची मालकी ज्याने त्या तयार केल्या त्याच्याकडेच राहते. तुम्ही स्वतःच्या खात्यातून सभासदांची यादी बनवून 'शेअर' केली असेल, तर उद्या तुमचं खातं बंद झाल्यावर ती यादीही जाईल. शिवाय दोन वर्षं अजिबात न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल बंद करू शकतं, म्हणून क्लबचं पडून राहिलेलं खातंही धोक्यात असतं. फायलींची मालकी क्लबच्या खात्याकडे वळवा. समोरून ती स्वीकारली गेली का, तेही तपासा.

संकेतस्थळाचं डोमेन कुणाच्या नावावर आहे, नूतनीकरणाचे पैसे कुणाच्या कार्डवरून जातात, समाजमाध्यमांवरच्या पानांचा मुख्य नियंत्रक कोण आहे, ऑनलाइन सभेचं सशुल्क खातं कुणाचं आहे, हे एकेक करून बघा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नव्या अध्यक्षाला आणि सचिवाला अ‍ॅडमिन करा आणि स्वतः अ‍ॅडमिनपद सोडा. कार्यकारिणीच्या ग्रुपमधून, तुम्ही नव्या कार्यकारिणीत नसाल तर, निरोप घेऊन बाहेर पडा. ही छोटी कृती पुष्कळ काही सांगून जाते.

बॅनर, ढाल, ध्वनिक्षेपक, कपाटाच्या किल्ल्या, जुनी इतिवृत्तं यांची यादी करून दोघांच्या सह्यांनी द्या-घ्या. तारीख घाला.

पायरी ४: एक निवांत बैठक

फाईल दिली की तिच्यावर एकदा समोरासमोर बोलायला हवं. दोन तास काढा, घाईगडबडीत सभेच्या आधी उरकू नका. आणि सुरुवात तुमच्या अनुभवकथनाने करू नका. आधी विचारा: "या वर्षी तुम्हाला काय करायचं आहे?" उत्तर पूर्ण ऐका. त्यांना क्लब ज्या दिशेने न्यायचा आहे ती तुमची नसेल, तरी फाईलमधलं काय त्यांच्या उपयोगाचं आहे हे त्यावरूनच कळेल. त्यांना नवे सभासद वाढवायचे असतील, तर तुम्ही तुमच्या स्पर्धांच्या आयोजनावर तासभर बोलून उपयोग नाही.

याच बैठकीत एकमेकांशी कसं वागायचं ते स्पष्ट ठरवा. संकोच वाटतो, पण पुढचे गैरसमज इथेच टळतात. त्यांनी तुम्हाला कधीही फोन करावा की ठरलेल्या दिवशी? तुमच्या लक्षात काही आलं तर ते ऐकायला त्यांना आवडेल का, आणि कोणत्या विषयांपुरतं? सभासद त्यांच्याविषयी तुमच्याशी बोलले तर तुम्ही काय करावं? पहिले तीन महिने महिन्यातून एकदा अर्धा तास बोलायचं असं ठरवलं, तर मधल्या काळात दोघांवरही ताण राहत नाही. भेटायचं की नाही हे त्यांनी ठरवावं, आणि त्यांनी एखादी भेट रद्द केली तर ते मनाला लावून घेऊ नये.

आणखी एक काम याच सुमारास करा. ज्या दहा-बारा माणसांच्या आधारावर तुमचं वर्ष चाललं, त्यांच्याशी नव्या अध्यक्षाची नीट ओळख करून द्या. प्रायोजक, सभागृहाचे व्यवस्थापक, शेजारच्या क्लबांचे पदाधिकारी, मदतीला धावणारे जुने सभासद. फोन नंबर देणं वेगळं आणि तिघांनी एकत्र बसणं वेगळं. त्या भेटीत ठामपणे सांगा, "यापुढे सगळं यांच्याशीच बोला." त्यानंतर ते सवयीने तुम्हाला फोन करतीलच. उत्तर माहीत असलं तरी देऊ नका, नंबर द्या.

पायरी ५: पहिले तीन महिने

या तीन महिन्यांत तुमचं वागणं सभासद बारकाईने बघत असतात. एखादा नवा उपक्रम जाहीर झाला की अनेकांची नजर आधी माजी अध्यक्षाकडे वळते. तुमच्या कपाळावर आठी दिसली तर तो उपक्रम तिथेच निम्मा संपतो. म्हणून सभेला या, नियमित या, पण बसा मागे किंवा मध्ये. व्यासपीठासाठी विचारलं असेल आणि ते नुसतं सौजन्य असेल तर नम्रपणे नकार द्या.

अध्यक्षांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका. त्यांना उत्तर आलं नाही, सभा शांत झाली, तरीही नाही. "पुढच्या सभेपर्यंत माहिती घेऊन सांगतो" असं म्हणायची संधी त्यांना मिळू द्या. मतदान असेल तर हात शेवटी वर करा. ग्रुपवर नव्या अध्यक्षाच्या संदेशाखाली दुरुस्ती, पुरवणी किंवा 'मागच्या वर्षी आपण असं केलं होतं' अशी टिप्पणी टाकू नका. तारीख खरोखर चुकली असेल तर त्यांना खासगीत कळवा आणि दुरुस्ती त्यांनाच करू द्या.

'आमच्या वेळी' आणि 'मी असतो तर' या दोन सुरुवातींचं कोणतंही वाक्य या काळात तोंडातून निघू नये. कौतुक म्हणून म्हटलं तरी त्यातून तुलना होते. त्याऐवजी जे चांगलं झालं ते नेमकेपणाने आणि सर्वांसमोर सांगा. 'छान चाललंय' यातून त्यांना काहीच मिळत नाही. 'आज पाहुण्यांना बोलायची संधी आधी दिली, त्यामुळे ते शेवटपर्यंत थांबले' यातून त्यांना बळ मिळतं आणि सभासदांना कळतं की माजी अध्यक्ष नव्यांच्या बाजूने उभे आहेत.

या काळात स्वतःलाही थोडं सांभाळावं लागतं. वर्षभर रोज वाजणारा फोन एकाएकी शांत होतो, निर्णय आपल्याशिवाय होऊ लागतात आणि मनात पोकळी येते. क्लबवर जीव लावलेल्या प्रत्येकाला हे जाणवतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ती पोकळी नव्या अध्यक्षाच्या कामात नाक खुपसून भरायची नसते. सभासद म्हणून जे करायचं राहून गेलं होतं ते आता करा. वक्तृत्वाच्या क्लबात असाल तर भाषणं करा, गिर्यारोहणाच्या क्लबात असाल तर नियोजनाची चिंता न करता मोहिमेला जा.

पायरी ६: सभासद तक्रार घेऊन तुमच्याकडे आले तर

हा सगळ्यांत नाजूक भाग आहे आणि नव्या अध्यक्षाचं वर्ष टिकेल की विस्कटेल हे बऱ्याचदा इथेच ठरतं. दोन-तीन सभा झाल्या की कुणीतरी फोन करतं: "सर, तुमच्या वेळी असं नव्हतं हो. आता काही धरबंध राहिलेला नाही." हे ऐकायला गोड लागतं आणि नेमका त्यातच धोका आहे. तुम्ही नुसतं "हं, बघू या" म्हणालात तरी पुढच्या आठवड्यात 'माजी अध्यक्षांनाही पटलेलं नाही' ही बातमी क्लबभर झालेली असते.

म्हणून पहिला प्रश्न विचारा, "हे तुम्ही अध्यक्षांशी बोललात का?" उत्तर बहुधा 'नाही' असतं. मग म्हणा, "आधी त्यांच्याशी बोला. त्यांना कळल्याशिवाय ते काय करणार?" सभासदाला संकोच वाटत असेल तर मुद्दा कसा मांडावा एवढं सांगा, त्याच्या वतीने निरोप पोचवायचं काम अंगावर घेऊ नका. एकदा घेतलंत की तुम्ही समांतर अध्यक्ष झालात.

"पण तुमचं मत काय?" असं खोदून विचारलं तर स्पष्ट सांगा, "निर्णय त्यांचा आहे आणि मी त्यांच्या पाठीशी आहे." खोटी स्तुती करायची गरज नाही. मत राखून ठेवता येतं.

तीच तक्रार वेगवेगळ्या सभासदांकडून वारंवार येऊ लागली तर ती अध्यक्षांपर्यंत न्यायलाच हवी. नावं न घेता आणि आपलं मत न मिसळता सांगा: "सभा उशिरा संपते असं बऱ्याच जणांकडून कानावर आलं. तुमच्या कानावर असावं म्हणून सांगतोय." एवढं बोलून थांबा. तुम्ही कधी उपाय केला होता का, असं त्यांनी विचारलं तर पुढे बोला.

पायरी ७: सल्ला मागितल्यावर

सल्ला मागितला म्हणजे लगेच उत्तर द्यायचं असं नाही. आधी विचारा: "तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?" बहुतेक वेळा त्यांनी निम्मा निर्णय घेतलेला असतो आणि त्यांना फक्त धीर हवा असतो. तसं असेल तर धीर द्या. खरोखर अडले असतील तर तुमच्या काळी काय केलं, त्याचं काय झालं आणि आता कोणती परिस्थिती वेगळी आहे, हे तिन्ही सांगा. सल्ला ऐकून त्यांनी वेगळंच केलं तर त्याचा उल्लेख पुन्हा कधी करू नका. 'मी तेव्हाच म्हटलं होतं' या एका वाक्याने पुढचे सगळे फोन बंद होतात.

नवा अध्यक्ष प्रत्येक लहान गोष्टीसाठी फोन करत असेल तर तेही बरं नाही. हळूहळू उत्तरं कमी करा आणि सचिवाकडे, खजिनदाराकडे, फाईलकडे वळवा. त्यांची कार्यकारिणी त्यांचा पहिला आधार असायला हवी, तुम्ही नव्हे.

पायरी ८: चूक होताना दिसली तर

आधी ती चूक आहे की फक्त वेगळी आवड आहे, हे स्वतःला विचारा. कार्यक्रमाचा क्रम, निमंत्रणाचा रंग, सभेची सुरुवात कशी करायची, हे आवडीचे विषय आहेत. तिथे पूर्ण गप्प बसा. दुसऱ्या प्रकारच्या चुकीतून थोडं नुकसान होतं पण शिकायला मिळतं: प्रसिद्धी उशिरा झाली, उपस्थिती कमी राहिली. इथे विचारल्याशिवाय बोलू नये असं मला वाटतं, कारण आपणही असंच शिकलो. नंतर मदतीचा हात मात्र जरूर द्या.

तिसऱ्या प्रकारात भरून न येणारं नुकसान असतं. कायदेशीर मुदत चुकतेय, पैशांचा हिशेब लागत नाही, घटनेविरुद्ध ठराव होतोय, सभासदांच्या सुरक्षिततेला धोका आहे. अशा वेळी शांत राहणं म्हणजे जबाबदारी झटकणं. त्याच दिवशी अध्यक्षांना एकांतात भेटा, नियमाचं कलम किंवा कागद समोर ठेवा आणि मुद्दा स्पष्ट मांडा. त्यांनी दाद दिली नाही तर कार्यकारिणीला लेखी कळवा. त्यानंतरही काही झालं नाही तर सर्वसाधारण सभेत किंवा मध्यवर्ती संस्थेकडे, सभासदाच्या अधिकारात, उघडपणे प्रश्न न्या. ग्रुपवरची कुजबुज आणि जुन्या मंडळींची वेगळी बैठक हे मार्ग क्लब फोडतात.

पायरी ९: हाती घेण्यासारखी कामं

माजी अध्यक्षाला शोभेल आणि नव्याला हलकं वाटेल असं काम पुष्कळ असतं. पाहुण्यांचं स्वागत करणं हे मला त्यातलं सर्वांत चांगलं वाटतं. क्लबची पुरेपूर माहिती असलेला माणूस दारात भेटला की नवखा लगेच रुळतो, आणि या कामात कोणताही अधिकार लागत नाही. यायचे थांबलेले जुने सभासद तुम्हाला ओळखतात, त्यांना फोन करा. नव्या सभासदांपैकी एक-दोघांचं मार्गदर्शन स्वीकारा. खजिनदार नवखा असेल तर पहिला हिशेब त्यांच्या शेजारी बसून लावून द्या. मात्र यातलं प्रत्येक काम अध्यक्षांना विचारून घ्या.

अनुभव याहून जास्त असेल तर दुसऱ्या क्लबांना द्या. टोस्टमास्टर्समध्ये १२ किंवा त्याहून कमी सभासद उरलेल्या क्लबांना सावरायला 'क्लब कोच' नेमता येतो. अशा ठिकाणी माजी अध्यक्षाची खरी गरज असते, आणि आपल्या क्लबात मोकळीक देणंही त्यामुळे सोपं जातं.

कार्यकारिणीत जागा असेल तर

टोस्टमास्टर्स, रोटरी, लायन्स या संस्थांच्या क्लबांत लगेचच्या माजी अध्यक्षाला कार्यकारिणीत किंवा संचालक मंडळात स्थान असतं. हे स्थान मागच्या वर्षाची माहिती टेबलावर हजर राहावी यासाठी आहे. तेव्हा बैठकीला जा, पण माहिती विचारली की बोला आणि चर्चेत शेवटी बोला. निवडणूक चुरशीची झाली असेल आणि नवा अध्यक्ष तुमच्या विरोधात उभा राहून निवडून आला असेल, तर पहिल्या एक-दोन बैठकांना त्यांना विचारून गैरहजर राहणं मी योग्य मानतो. फाईल मात्र अशा वेळी अधिक काटेकोर द्या.

संस्थापकांसाठी हे सगळं दुप्पट अवघड असतं, कारण क्लब आणि आपण वेगळे आहोत हेच त्यांना पटायला वेळ लागतो. रोटरीची सुरुवात १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस यांच्या पुढाकाराने झाली, पण त्या क्लबचे पहिले अध्यक्ष सिल्व्हेस्टर शील होते. हॅरिस क्रमाने तिसरे अध्यक्ष झाले. स्थापना करणाऱ्याने पहिल्या खुर्चीत बसलंच पाहिजे असं काही नाही आणि कायम त्या खुर्चीमागे उभं राहिलं पाहिजे असंही नाही.

पायरी १०: वर्ष संपत आल्यावर

आता तुमचे उत्तराधिकारी स्वतः मावळते अध्यक्ष होणार असतात. त्यांची कारकीर्द संपायच्या महिनाभर आधी भेटा आणि विचारा: माझ्या फाईलमध्ये काय नव्हतं? कोणती गोष्ट उशिरा कळली? मी कुठे आड आलो? उत्तरं लिहून घ्या, स्पष्टीकरण देऊ नका. मग दोघांनी मिळून फाईल दुरुस्त करा. कालबाह्य झालेली पानं काढा, पूर्ण झालेली आश्वासनं खोडा, वेळापत्रकात या वर्षी नव्याने कळलेल्या मुदती भरा. पुढच्या अध्यक्षाला फाईल देण्यासाठी जी बैठक होईल तिला तुम्ही जायचं कारण नाही. ती त्या दोघांची असू द्या.